हमूदची पाणीपाळी

खलफानला पोहता येत नव्हतं. सूरसारख्या बंदरात जन्मलेला माणूस, बाप खलाशी, आजा खलाशी, आणि हा पठ्ठ्या गुडघ्याच्या वर पाणी आलं की अल्लाचं नाव घ्यायला लागायचा! म्हणून तर त्याने मासळीबाजाराचा बर्फाचा ट्रक धरला होता. बर्फ म्हणजे पाणीच, पण एका जागी बसून राहणारं.

अशा माणसाने त्या गुरुवारी इस्त्रीचा पांढरा अंगरखा घातला, शेजारच्या सीटवर हलव्याचा डबा ठेवला आणि रिकामा ट्रक डोंगरात हैल अल-घाफ गावाकडे घातला. कारण राया. राया सूरच्या दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांपूर्वी खलफानच्या हातावर बर्फाची लादी पडली तेव्हा तिने त्याच्या बोटांना पट्टी बांधली, आणि तेव्हापासून खलफानला दर आठवड्याला कुठे ना कुठे लागत होतं. रायाचा बाप हमूद हैलला राहायचा. उद्या, शुक्रवारच्या नमाजानंतर, तो रायासाठी आपल्या पुतण्याला, नबहानला, शब्द देणार होता. आमच्याकडे चुलतभावाचा हक्क पहिला. त्याला मुलगी हवी असो नसो, हक्क असतोच.

"आजच जा," राया म्हणाली होती. "आणि तोंड उघड. तिथे बसून 'सगळं कुशल' म्हणून हात हलवत परत आलास ना, तर तुझ्या ट्रकशीच लग्न कर."

गावात पोचला तर गावात चिटपाखरू नाही. दारं उघडी, खाटा रिकाम्या, मशिदीच्या पायरीवर एक मांजर. रस्त्याच्या कडेला मात्र तीन भाषांतली रंगीत पाटी होती, 'निसर्गरम्य स्नानस्थळ', आणि पाटीखाली डबकं. डबक्यात दोन परदेशी पाहुणे पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहून आनंदाने फोटो काढत होते आणि सात-आठ बकऱ्या त्यांच्याकडे बघत पाणी पीत होत्या. गावातली माणसं इथेच येत असतील, असं वाटून खलफान डबा सांभाळत डबक्याच्या काठी जाऊन बसला.

"उठ, उठ! त्या बकऱ्यांना काय वाटेल!"

मागे एक सुकलेला म्हातारा उभा होता. अंगावर फक्त ओली लुंगी, डोक्यावर नक्षीची टोपी, आणि भुवयांतून पाणी गळतंय. हा थानी. गावात त्याला लिंबांचा थानी म्हणायचे.

"हे परक्यांसाठी," थानी म्हणाला. "खरा डोह कुणी शोधू नये म्हणून गावाने ही पाटी लावली. येतात, फोटो काढतात, खूश होऊन जातात. आपलं काय जातं? हातात हलवा आहे म्हणजे तू डबक्यातला नाहीस. चल."

"काका, मला खरं तर हमूदकाकांच्या घरी..."

"मी विचारलं का, कशाला आलास?" थानीने हात झटकला. "पाहुण्याला कुणी विचारतं का? चल म्हटलं की चलायचं."

खजुरीच्या बागेतून, केळींच्या मागून, मग डोंगराच्या अशा फटीतून गेले की खलफानला डबा डोक्यावर धरून आडवं व्हावं लागलं. इस्त्रीची वाट लागली. फट संपली आणि समोर हिरवागार डोह. वरती रानउंबर वाकलेला, कड्यातून पाणी झरतंय, आणि पाण्यावर वीसेक टोप्या तरंगताहेत. टोप्यांखाली गाव होतं. सगळे पुरुष पाण्याखालच्या कातळांवर टेकून गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते. गावात माणूस का दिसलं नाही ते खलफानला आत्ता कळलं.

"अस्सलाम अलैकुम!" टोप्या म्हणाल्या.

डोहाच्या वरच्या कातळावर एकच माणूस कोरडा होता. उंच, सडसडीत, दाढी पांढरी, आणि नजर जमिनीत रोवलेल्या एका खुंटावर. खुंटाची सावली दगडांच्या ओळीवरून सरकत होती. हाच हमूद. गावाचा पाटकरी. सावली ज्या दगडाला लागेल त्याप्रमाणे कुणाच्या पाण्याची पाळी सुरू झाली ते हा ओरडून सांगायचा आणि मग खाली पाटाचं तोंड त्याच्या बागेकडे फिरायचं. सगळ्यांकडे फोन होते, घड्याळं होती, पण हैलचं पाणी घड्याळावर चाललं असतं तर गावात आजवर चार खून पडले असते. हमूदच्या हाकेवर मात्र कुणी कधी शंका घेतली नव्हती. माणूस सावलीशी खोटं बोलत नाही, एवढी त्याची ख्याती.

त्याने खलफानकडे बघितलंसुद्धा नाही. डबा बघितला. मग परत सावली.

"उतर पाण्यात," थानी म्हणाला. "आत्ता पाळी माझी आहे. माझ्या पाण्यात आलास की माझा पाहुणा."

खलफान दोन पावलं मागे सरकला. पण सासुरवाडीच्या दारात पाण्याला घाबरून कसं चालेल? तो लुंगीवर आला, काठाचा एक दगड दोन्ही हातांनी पकडला आणि अंग पाण्यात सोडलं. पाणी गार होतं. तो होता तिथे पायाला तळ लागला नाही.

"सूरचा ना रे तू?" मुसल्लम नावाच्या टोपीने विचारलं. गावातला कवडीचुंबक. खजुराची बीसुद्धा दोनदा चघळायचा. "मग दगडाला का चिकटलायस? तुमच्याकडे तर पोरं पोहतच जन्माला येतात."

"मला दगड आवडतात," खलफान म्हणाला.

"आवडू देत, आवडू देत. दगड गावाचा आहे, झिजवू नको."

मग थानीने टोपी सारखी केली, चेहरा गंभीर केला, आणि यजमानाने विचारायचं ते विचारलं. "काय खबरबात?"

"खबर काही नाही. सगळं कुशल," खलफान म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, हा एवढा घाट कशासाठी घातला होता मग? पण आमच्याकडे याला दुसरं उत्तरच नाही. घर जळून आलेला माणूसही आधी 'सगळं कुशल' म्हणतो, खजूर खातो, कॉफी पितो, आणि मग बोलता बोलता म्हणतो की घराचं जरा असं झालंय. शिवाय थानीच्या पाण्यात बसून हमूदकडे काही मागणं म्हणजे थानीचं नाक कापणं. जो यजमान, त्याच्याशीच बोलायचं. खलफान कशासाठी आलाय हे टोप्यांना, उंबराला, बहुधा बकऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी सगळे पाण्यात बसून लिंबांवरच्या किडीबद्दल बोलत राहिले.

जेवण पाण्यातच आलं. ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर परात, परातीत सुकवलेल्या मुशी माशाचा भात. थानी ती ढकलत ढकलत सगळ्यांपुढे फिरवत होता. खलफानचा एक हात दगडावर, एक भातात. परात त्याच्यापुढे आली की तो घास घेईपर्यंत पुढे निघून जायची. तिसऱ्या फेरीत त्याच्या हाताला फक्त लिंबाची फोड लागली.

"खा रे, लाजतोस काय!" थानी ओरडला.

"खातोय काका, पोट भरलं," खलफान म्हणाला आणि ती फोड चोखली.

तेवढ्यात वरून हमूदची हाक आली. "मशीद!"

परात काठाला लागली. पुढचं पाणी मशिदीच्या वक्फाचं होतं. आता खलफान कुणाचा पाहुणा? गावाने यावर फार पूर्वीच निकाल दिला होता की मशिदीच्या पाण्यात बसलेला अल्लाचा पाहुणा. आणि अल्लाला सगळं ठाऊकच असतं, त्यामुळे खबरबात कुणी विचारायची नाही. बसायचं, तसबीचे मणी ओढायचे, जगाचं बोलायचं नाही. वीस टोप्या डोळे मिटून पाण्यात मणी ओढू लागल्या.

"पोरा," थानी ओठ न हलवता पुटपुटला. "यानंतर हमूदची पाळी."

खलफानने एक डोळा उघडला. "मग तेच माझे यजमान?"

"तेच. आणि ही पाळी छोटी आहे. सावली त्या तांबड्या दगडाला लागली की मुसल्लमची सुरू. स्वतःच्या पाण्यात दिलेला शब्द पाटकरी मोडत नाही. पाळी संपल्यावर मात्र तो तुझा कुणी नाही. मग उद्या शुक्रवार."

"पण ते माझ्याकडे बघतही नाहीत. सूरच्या माणसाचा एवढा राग?"

थानीने एक मणी ओढला. "त्याचा थोरला भाऊ सूरला गेला होता, बोटीवर. बुडाला. खबर घेऊन तुमच्या गावचा माणूस आला. हमूदने विचारलं, काय खबरबात? तो म्हणाला, काही नाही, सगळं कुशल. खजूर खाल्ले. हमूदने भावासाठी मध ठेवला होता, तो दाखवला. त्याने तोही चाखला. तीन कप कॉफी प्यायला. आणि जाताना, उंबऱ्यात चप्पल घालता घालता सांगितलं." थानीने आणखी एक मणी ओढला. "तेव्हापासून हमूद कुणालाही खबर विचारत नाही. पाहुणा गावात असला की आपली पाळी दुसऱ्याला देऊन टाकतो. गेली अठरा-वीस वर्षं त्याच्या पाण्यात पाहुणा बसलेला नाही."

आणि झालंही तसंच. सावली मशिदीच्या दगडावरून उतरायला लागली तसा हमूद कातळावरून म्हणाला, "थानी, तुझी लिंबं फार सुकलीत. माझी पाळी आज तू घे."

"छे छे!" थानी म्हणाला. "लिंबं तुंबलीत पाण्याने. जास्त झालं तर मरतील."

"सैफ, तू घे."

"माझा बांध फुटलाय, काका."

"मुसल्लम!"

सगळ्या टोप्या मुसल्लमकडे वळल्या. फुकटचं पाणी! मुसल्लमचा कांदा करपत होता, हे गावाला ठाऊक होतं. त्याच्या घशातून कसलासा आवाज आला. पण शेजारून थानीने पाण्याखाली त्याला कोपर मारलं असावं. "नको," मुसल्लम कण्हला. "माझी पाळी पुढे आहेच की."

एवढा तमाशा गावाला कधी बघायला मिळणार होता? पाणी काय, रोज येतं.

सावली दगडाला टेकली. हमूद तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने, आयुष्यात खोटी हाक न दिलेल्या माणसाने, स्वतःचं नाव पुकारलं. "हमूद."

खाली पाट फिरल्याचा आवाज आला. यजमान झाला म्हटल्यावर इलाज नव्हता. हमूदने किटली घेतली, कातळाच्या कडेला उकिडवा बसला, छोट्या कपात कॉफी ओतली आणि खलफानपुढे धरली. खलफानने कप घेतला आणि न पिता दगडावर ठेवला. डोहात खसखस पिकली. मागणं असलं की पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही. यजमान 'पी' म्हणाला, म्हणजे मागणं मंजूर. हे सांगायला लागतं का!

हमूदने कपाकडे बघितलं. पण आधी विचारायचं ते विचारावंच लागणार होतं. त्याने ओठ उघडले, मिटले. एवढा ताठ माणूस, पण त्या दोन शब्दांपाशी येऊन अडकला होता. खलफानला अचानक त्याची दया आली, आणि आपली लाजही वाटली. सूरहून आलेला मीही तसाच एक, डबा घेऊन, खजूर खायला.

"काय," हमूद म्हणाला. "काय खबरबात?"

खलफानच्या जिभेवर उत्तर तयार होतं. लहानपणापासून तेच पाठ. राया आठवली. तो दगडाशी ताठ झाला, छातीत हवा भरली आणि म्हणाला, "आहे. खबर आहे."

झरासुद्धा थांबला असेल. हैलमध्ये हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. यापुढे काय म्हणायचं, कुणालाच माहीत नव्हतं. मुसल्लमची तसबी पाण्यात पडली. खलफानला वाटलं, एवढं मोठं बोललो तर त्याला शोभेल असा हात तरी छातीवर ठेवावा. त्याने उजवा हात छातीवर ठेवला. डावा दगडावरून घसरला. आणि खलफान खबरीसकट बुडाला.

खाली सगळं हिरवं होतं. त्याने तोंड उघडलं तर पाणी आत आलं. वर मात्र एकच कल्लोळ माजला. लग्न, डबा, हलवा, सकाळपासून ठाऊक असलेलं सगळं लोक एका झटक्यात विसरले. खबर आहे म्हणजे कुणीतरी गेलं! सूरहून आलाय, म्हणजे सूरला गेलं! आणि सूरला हैलचं माणूस एकच होतं.

धप्प! पाणी फाटलं. हमूद टोपी, अंगरखा, कमरेचा पट्टा, सगळ्यासकट उतरला होता. त्याने मांजराचं पिल्लू धरावं तसं खलफानला मानेला धरून वर काढलं आणि गदागदा हलवलं.

"बोल! कोण गेलं? माझी राया? राया ना? बोल मेल्या!"

खलफानच्या तोंडातून पाणी, नाकातून पाणी, एक लिंबाची बी. शब्द येईना.

"अरे त्याला श्वास घेऊ दे!" थानी ओरडला.

"नंतर घेईल! आधी सांग!"

एवढ्यात खालच्या बाजूने, खडकापलीकडच्या बायकांच्या डोहातून किंकाळी आली. पाटाच्या बोगद्यातून पाण्याबरोबर इकडचा शब्द न् शब्द तिकडे जायचा, बायका रोज तो ऐकायच्या आणि ऐकत नसल्याचं सांगायच्या. ही झुवैना होती, हमूदची बायको. "माझ्या रायाला काय झालं गं बाई!"

"राया," खलफान खोकला. "राया बरी आहे."

"मग कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सगळे जिवंत आहेत."

"मग खबर काय?"

"मला," खलफानने पाण्याचा शेवटचा घोट थुंकला, "मला तिच्याशी लग्न करायचंय. तिलाही करायचंय. एवढीच."

हमूदच्या पांढऱ्या दाढीतून पाणी टपकत होतं, ते सगळं डोहाचंच होतं असं नाही.

"एवढीच?"

"एवढीच."

"लग्न?" हमूदचा आवाज चिरकला. "नुसतं लग्न? अरे गाढवा, मग करा की! जीव घेतलास माझा! लग्न करायचंय म्हणे, आणि मी इकडे..." त्याने खलफानला अजून मानेलाच धरलं होतं, पण आता पाण्याच्या वर धरलं होतं. आणि मग तो हसायला लागला. थानी शपथ घेऊन सांगतो, वीस वर्षांत पहिल्यांदा.

"अहो, काय झालं ते सांगा ना मेलं!" बोगद्यातून झुवैना.

"काही नाही झालं! राया लग्न करायचं म्हणते, या बर्फवाल्याशी!"

"मग द्या की!"

"देतोच आहे ना, ओरडतेस कशाला!"

"आणि नबहान?" कुणीतरी टोपीखालून विचारलं. "त्याला काय सांगणार?"

"सांगेन," हमूद म्हणाला. "सांगेन की खबर आहे. आल्या आल्या सांगेन, खजुराच्या आधी." मग तो खलफानकडे वळला आणि हळूच म्हणाला, "पहिल्याच दमात बोललास. बुडालास, पण बोललास."

त्याने खलफानला दगडापाशी आणून टेकवलं, दोन्ही हात दगडावर नीट ठेवून दिले आणि कप शोधायला लागला. कप पाण्यात गेला होता. सैफने बुडी मारून तो काढला. किटली वर, कातळावर. ती हातोहात खाली यायला वेळ लागला. हमूद कप विसळत होता, खुंटाकडे त्याची पाठ होती.

मुसल्लमचं तोंड मात्र खुंटाकडेच होतं. तांबडा दगड. सावली त्याला लागली होती. लागली काय, ओलांडून चार बोटं पुढे गेली होती. हमूदची पाळी संपली होती. मुसल्लमच्या हक्काचं पाणी हमूदच्या बागेत चाललं होतं, इकडे त्याचा कांदा करपत होता, आणि हमूदने अजून 'पी' म्हटलं नव्हतं. सगळ्या टोप्यांनी सावली पाहिली. सगळ्यांनी मुसल्लमकडे पाहिलं.

हमूदला ती शांतता जाणवली. त्याचा कपातला हात थांबला. तो मागे वळायला लागला.

"हमूद," मुसल्लम घाईने म्हणाला, "सावली बघू नको. काही उपयोग नाही. ढग आलाय."

सगळ्या टोप्या वर झाल्या. आभाळ निळंभोर होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ, आणि उन्हाने डोळे दिपत होते.

"मोठाच आहे," थानी म्हणाला.

"काळाकुट्ट," सैफ म्हणाला.

हमूदने मान वर केली. बराच वेळ तो त्या ढगाकडे बघत राहिला. मग त्याने कप भरला, खलफानच्या हातात दिला आणि म्हणाला, "पी रे, गार होतेय."

खलफानने एक हात दगडावरून सोडला आणि कॉफी प्यायला.